मीठ कुठं हाय

परवा आष्ट्याला एका लग्नात आमच्या थोरल्या चुलतभावानं माईक धरला. ‘संसारात ज्यानं त्यानं आपली जबाबदारी ओळखावी,’ असं तो नवरानवरीला बजावत होता. तेवढ्यात मांडवामागून आमटीचा वास आला आणि मला त्याच्या घरातली जुनी बैठक आठवली.

त्याच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोन्हीकडची वडीलधारी माणसं सोप्यात घोंगडीवर बसली होती. ह्या पठ्ठ्याची तक्रार काय, तर बायको आमटीत मीठ घालायला विसरते.

वहिनीचे वडील शांतपणे म्हणाले, “आवं पाव्हणं, मग वरनं घ्यायचं की. मीठ कुठं ठेवत्यात तुमच्यात?”

ह्याला ठाऊकच नाही. त्याच घरात जन्मून घोड्याएवढा झालेला. शेवटी आत तोंड करून ओरडला, “अगं, मीठ कुठं हाय?”

“चुलीवरच्या फळीवर,” वहिनी आतून म्हणाली.

“पोरगी लय समजूतदार हाय,” म्हणत म्हाताऱ्यांनी भांडण मिटवलं आणि तिलाच चहा टाकायला सांगितला. तेव्हा मलाही ते गोड वाटलं होतं.

परवा भाषण उरकून तो पंगतीला बसला. आमटी अळणी लागली, तशी मान वळवून वहिनीला शोधू लागला. मीठ त्याच्या पानात डाव्या हाताला वाढलेलं होतं.