वहिनीची पहिली मीटिंग

आमच्या व्हीलचेअरच्या कंपनीत संचालक दोनच, दादा आणि वहिनी. वहिनी का, तर कायद्याला दुसरं नाव हवं होतं. मी पेन्सिलने फुली मारून कागद घरी न्यायचो. भाजी निवडता निवडता ती हात पुसून फुलीवर सही करायची. मग मी इतिवृत्तात लिहायचो, ‘सविस्तर चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर.’ एकोणीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. त्यात खरं काही असेल तर माझं सुरेख अक्षर.

त्या दिवशीचा ठराव ब्रेकचा होता. प्रत्येक व्हीलचेअरवर वाळूची पोती ठेवून ती उतारावर जागची हलत नाही ना, हे आम्ही तपासतो. पण मोठी ऑर्डर आली होती आणि मुदत कमी. दादाने ठरवलं, यापुढे दहांतली एकच तपासायची.

वहिनीने चष्मा लावला आणि फुली सोडून वरचा मजकूर वाचायला घेतला.

"भाऊजी, उरलेल्या नऊ खुर्च्यांत कोण बसणार?"

"वहिनी, सही कर ना. दादा खाली गाडीत थांबलाय."

"थांबू दे. यावर मीटिंग घ्या. मी येते."

"घरच्या कंपनीत कसली आलीय मीटिंग?" दादा भडकलाच. पण दुसऱ्या दिवशी ती खरोखर ऑफिसात येऊन बसली.

"माझ्या विरोधात जाणार तू?" दादाने विचारलं.

"तुमच्या विरोधात कशाला जाऊ? घरात मी तुमचीच आहे. सही करताना मात्र कंपनीचं भलं बघायचं, असा कायदा आहे. वकिलांना फोन करून विचारलंय मी. एक खुर्ची जरी उतारावरून सुटली, तर आपल्याकडे पुन्हा कोण फिरकेल?"

मतं पडली एकास एक. अध्यक्ष म्हणून दादाकडे जादा मत होतं. नुसता हात वर केला असता तरी विषय संपला असता. खरं सांगतो, त्याने तो करू नये म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होतो. इतकी वर्षं न झालेल्या चर्चा लिहिल्या, याची लाजही वाटत होती. दादा खिडकीतून कारखान्याच्या आवाराकडे बघत बसला.

"लिही," शेवटी तो मला म्हणाला, "ठराव नामंजूर."

निम्मी ऑर्डर दुसऱ्या कारखान्याकडे गेली. दादाने आठ दिवस वहिनीशी अबोला धरला. नवव्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवत त्याने तिला विचारलं, "पुढची मीटिंग घ्यायचीय. तुला कधी जमेल?"