जिनातली गंगूबाई आणि माझ्या पाच काचा

बारा वर्षं मी अमरावतीत फोटोचं दुकान चालवतो. माझ्या रंगवलेल्या पडद्यावर एक कारंजं आहे, आणि त्याच्यापुढे नवरदेव, वकील आणि पाटील आलटून पालटून बसत आले आहेत. परवा फोटोंच्या जुन्या काचा पुसताना लक्षात आलं की शेकडो माणसांत घामाचा एकही चेहरा नाही. मी स्वतः अंजनगावहून दुसऱ्याची पेटी डोक्यावर घेऊन निघालेला माणूस. मला ते लागलं. कापसाचा हंगाम भरात होता. दुकानाला कुलूप घातलं, कॅमेऱ्यात घालायच्या पाच कोऱ्या काचा बांधल्या आणि अकोल्याला निघालो.

अमरावतीहून बडनेऱ्याला छोटी गाडी, तिथे बदली. कुणी कॅमेरा घेऊन जाणार असेल तर एक सांगतो, पेटी मांडीवर घेऊन बसा. तिसऱ्या वर्गातल्या मंडळींनी माझी पेटी हार्मोनियमची ठरवली, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत एक म्हातारबुवा काहीतरी वाजवा म्हणून माझ्या मागे लागले होते. मूर्तिजापूरला भजी गरम मिळाली, तेव्हा कुठे ते गप्प झाले.

अकोल्यात स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गेलो. मुकादम भला माणूस, पण त्याची एक अट होती. उजेडासाठी पूड पेटवायची नाही. रुईच्या ढिगात एक ठिणगी पडली की सगळा हंगाम खाक. म्हणजे टिनाच्या फटीतून येईल तेवढाच उजेड, आणि समोरच्या माणसानं तीन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. मुकादम हसून म्हणाला की जिन कुणासाठी थांबत नाही आणि बायांचे हातही थांबत नाहीत.

तिथेच गंगूबाई भेटली. चाळिशीची, यंत्राला कापूस भरवणारी. फोटोवाला आल्याचं ऐकून तिनेच मला गाठलं. तिचा भाऊ तेल्हाऱ्याकडे काळ्या जमिनीचा धनी. नवऱ्यासोबत ती शहरात निघाली तेव्हा तो म्हणाला होता की तीन महिन्यांत भीक मागशील. नऊ वर्षं झाली, भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. आता माघात त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि गंगूबाईला बोलावणं नव्हतं. पत्रिका वाटल्या जाण्याआधी तिचा फोटो त्याच्या हाती पडावा, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी जिन बंद. मोर्णा नदीकाठच्या तिच्या वस्तीत पोचलो तर बाई ओळखू येईना. लुगडं एकीचं, पाटल्या दुसरीच्या, नथ तिसरीची. पण उसना दागिना मालकिणीच्या नजरेआड होऊ द्यायचा नाही, हा त्या वस्तीचा नेम. मी कॅमेरा उभा करतोय तोवर नथवाली गंगूबाईला खेटून उभी राहिली.

"नथ माही, अन् फोटोत मी नाई?"

मग पाटल्यावाली आली, लुगड्यावाली आली, त्यांच्या जावा आल्या. एका सासूबाईंनी काहीच दिलं नव्हतं, पण त्या सगळ्यांच्या मधोमध बसल्या. मी काळ्या फडक्यात डोकं घातलं तर काचेवर गंगूबाई हरभऱ्याच्या दाण्याएवढी. म्हटलं, बाई, तुमीच पाहा. तिनं फडक्यात डोकं घातलं आणि आतून विचारलं, "सगळ्या उलट्या काहून लटकून राहिल्या, दादा?" कॅमेऱ्यात तसंच दिसतं, फोटो सुलट येतो, हे सांगेपर्यंत तिचा पुढचा प्रश्न आला.

"अन् यात मी कोनती?"

बाया खो खो हसल्या. ती हसली नाही. बाहेर आली, आधी नथ काढून दिली, मग पाटल्या.

"उद्या जिनात या. तिथं सारं माहंच हाय."

मी बायांचा फोटो काढलाच. एक काच हसण्यावारी गेली, त्याचं दुःख नाही.

सोमवारी जिनात पट्टे धडधडत होते, हवेत रुई बर्फाच्या चुऱ्यासारखी उडत होती. गंगूबाईनं नाकावरचं फडकं खाली घेतलं. मी तीन मोजले. पहिल्या काचेला तिला शिंक आली, दुसऱ्या काचेला मला. तिसरी साधली, आणि पाचातली एक कोरीच उरली.

घरी येऊन अंधाऱ्या खोलीत काच धुतली. चेहरा लख्ख, भुवईवर रुई, नजर थेट माझ्यावर. हात मात्र धुरासारखे पुसट. ते थांबलेच नव्हते. गिऱ्हाइकानं असला फोटो माझ्या अंगावर फेकला असता. दोन दिवस विचार केला, आणि तेल्हाऱ्याला तोच पाठवला. एक प्रत दुकानात लावली. लोक अजून टोमणे मारतात की फोटोमास्तरांचा हात हलला. मी सांगतो, माझा नाही, तिचा.

पौषात एक पागोटेवाले गृहस्थ दुकानात आले. फोटोमागचा माझा शिक्का त्यांनी दाखवला, तेव्हा ओळख पटली. भाऊच तो. त्यानं फोटोतल्या पुसट हातांवर बोट ठेवलं.

"दर साली याच जिनात गाड्या खाली करतो मी," तो म्हणाला. "आतमंदी कदी डोकावलं नाई."

बहिणीला पत्रिका टपालानं का नाही पाठवली, असं मी विचारलं. बहिणीले न्याले जा लागते जी, म्हणाला. मग त्यानं कोरा कागद पुढे केला आणि तिच्या वस्तीची वाट काढून मागितली. जिनाचं फाटक त्याला पाठ होतं, तिचं दार माहीत नव्हतं.