चौकातला कुलूपवाला

युद्धस्मारक पाहायला येणाऱ्यांना ठाऊक नसे, की तो ब्राँझचा सैनिक मुळात कुलूपवाला आहे. ठाऊक नसे, कारण त्यांची कुलूपवाल्याशी गाठ पडलेली नसे. ज्यांची पडली, त्यांची सुटका नव्हती.

चौतीस वर्षांपूर्वी शिल्पकाराचं कुलूप उघडायला तो गेला आणि शिल्पकाराला त्याचा जबडा आवडला. बंदूक म्हणून झाडूचा दांडा खांद्यावर घेऊन गडी अकरा दिवस उभा राहिला. खऱ्या लष्कराने मात्र तळपाय सपाट म्हणून त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं. बायको त्याला सेनापती म्हणे, आणि घरात एक खिळा ठोकायला हा माणूस उभा राहत नाही, हेही जोडीला सांगे.

आता लेकीचं लग्न ठरलं होतं. व्याही वजनमापं तपासणारे, म्हणजे संशय घ्यायचाच पगार घेणारे. पुतळ्याची गोष्ट ही शुद्ध लोणकढी थाप आहे, असं त्यांनी भर जेवणात हसत सांगितलं. व्याह्यांसमोर एकदा तोंडघशी पडलं की जन्मभर मान खाली. कुलूपवाल्याने हात धुतले आणि सगळ्यांना चौकात नेलं. पुतळ्याच्या डाव्या कानाला खाच होती, तशीच त्याच्याही. व्याह्यांनी हवी तर फूटपट्टी लावावी.

चौथऱ्यापाशी एक म्हातारी ओल्या फडक्याने सैनिकाचे बूट पुसत होती. कुणी न विचारताच तिने सांगितलं, की मुलगा लढाईवर गेला तो गेलाच, मातीसुद्धा हाती आली नाही. हा हुबेहूब त्याच्यासारखा, म्हणून ती दर आठवड्याला येते.

"बोला," व्याही म्हणाले, "कोण हा?"

कुलूपवाल्याचा हात कानापर्यंत गेला होता. तिथे त्याने उगाच खाजवलं.

"यांचा मुलगा."

व्याह्यांनी मिशीत हसून घेतलं. एरवी एकही संधी न सोडणाऱ्या बायकोने आज ही मात्र सोडून दिली.

म्हातारीने त्याला निरखून पाहिलं. तुम्ही ओळखत होता का त्याला, असं तिने विचारलं.

"ओळख नव्हती, आजी. पण देखणा होता."

"होताच. आज असता तर तुमच्याएवढा असता." तिने फडकं त्याच्या हातात दिलं. "तोंडापर्यंत माझा हात पुरत नाही."

कुलूपवाला चौथऱ्यावर चढला. तो चेहरा आपला नाही असं समजून त्याने आज पहिल्यांदाच पाहिला, आणि पुसता पुसता त्याला रडू आलं.