फुग्यांतलं अक्षर

नांदेडच्या एका दैनिकात मी तेवीस वर्षं रोज तीन चौकटींची चित्रमालिका काढली. तिच्यात दोघंच. रेणापूरकडचे एक काका आणि त्यांच्या वरताण काकू. मी राहायचो लातूरला. रविवारी आठवड्याची चित्रं एकदम काढायची, सोमवारी एसटीनं पाठवायची. पुढे मोबाइल आला. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून पात्रांच्या तोंडासमोरच्या फुग्यांत संवाद लिहायची ती बायको. लिहिताना काकूंची वाक्यं खुशाल बदलायची. "बाई असं बोलती का कुठं?" म्हणायची, आणि लोक हसायचे ते नेमके तिच्याच वाक्याला. मला राग यायचा, पण खोडायची हिंमत कधी झाली नाही.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर मला काकू काढताच आल्या नाहीत. काका एकटेच कट्ट्यावर बसून सरपंचावर बोलत राहिले, तेही कॉम्प्युटरच्या अक्षरांत. एकाही वाचकानं विचारलं नाही. यंदा डोळे थकले, मनगट थकलं, विनोद तर कधीचाच आटला होता. संपादकांना म्हटलं, आता पुरे.

"बंद कशाला? पहिल्यापासूनची जुनीच छापतो. कुणाच्या लक्षात यायलंय!"

हे मात्र झोंबलं. तेवीस वर्षं पाठ मोडून घेतली ती कुणासाठी? जुनी चित्रं सुरू झाली आणि मी फोनकडे बघत बसलो. एक तरी माणूस चिडावा, शिळं वाढता म्हणून भांडावा, एवढंच हवं होतं.

आठव्या दिवशी जळकोटहून फोन आला. तिथले एक निवृत्त गुरुजी. काकांचं घड्याळ चुकून उजव्या हातात काढलं तेव्हा त्यांनी मला फैलावर घेतलं होतं. वाटलं, आता पकडला गेलो.

"काय हो, काकू माहेराहून आल्या वाटतं?"

गुरुजी बोलतच राहिले.

"बरं झालं. काका लई सुकले होते. आमच्या घरात रोज इषय निघायचा. पण कुणाची बाई इतके दिवस माहेरी का, हे इचारावं कसं? म्हणून फोन केला न्हाई. आता राहतील न्हवं?"

समोर त्या दिवशीचा अंक पडला होता. फुग्यात तिचं अक्षर.

"हाव," मी म्हणालो, "राहतील."

एकवीस वर्षांचा गठ्ठा आहे. मी असेपर्यंत तरी संपत नाही.