आहारमंत्र्याची पळी

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितेय.

मी नारायणगावजवळच्या एका खेड्यात सातवीला शिकवते. काल शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. मुलांनी चिठ्ठ्या टाकून बौद्धवस्तीतल्या प्राचीला आहारमंत्री केलं. आहारमंत्र्यानं खिचडी आधी चाखायची आणि मग सगळ्यांना वाढायची, अशी आमच्याकडची पद्धत.

आज प्राचीनं हातात पळी घेतली आणि ओळीत जेमतेम सहा मुलं उभी राहिली. बाकीच्यांनी घरून डबे आणले होते. कालची मतं त्यांचीच होती.

एका मुलाचे वडील गेटवर भेटले. "मॅडम, पोरगी लई हुशार हाय, आमचं काय म्हणणं न्हाई. पण वाढायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या."

नागरिकशास्त्र शिकवणारी मी, "बघते" एवढंच म्हणाले. माझी मलाच चीड आली.

शाळा सुटताना प्राची जवळ आली. "मॅडम, मला स्वच्छतामंत्री करा. झाडताना कुणी काय म्हणत न्हाई."

समतेचा धडा मागच्याच आठवड्यात शिकवलाय. उद्या त्यावर चाचणी आहे. पेपर मुलांनी सोडवायचा की मी, तुम्हीच सांगा.