शिऱ्यातली लाल फळं

सिंगापूरच्या तोआ पायोहमध्ये आमच्या ब्लॉकखाली चिनी औषधांचं एक दुकान होतं. तुम्ही नातवंडं इथे राहायचात तेव्हा मी तिथून गोजीची सुकी लाल फळं आणायची. शिऱ्यातले बेदाणे तुम्ही दोघं बशीच्या कडेला काढून ठेवायचात आणि ही फळं मात्र वेचून खायचात.

दुकानदार म्हातारा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. फळं तळहातावर पसरून, हलकी फुंकर मारून मगच तो ती तागडीत टाकायचा आणि दर वेळी हसून, इथल्या लोकांच्या सवयीने शेवटी ‘लाह’ जोडत म्हणायचा, "आंटी, ही सूपमध्ये घालतात. रव्यात कोण घालतं लाह!"

तुम्ही मेलबर्नला गेल्यावर बरेच दिवस मी तिकडे फिरकले नाही. पुन्हा गेले, तर नव्या पाकिटांवर मोठ्या अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’ छापलेलं.

"याने म्हातारपण खरंच थांबतं का?" मी विचारलं.

"पाकीटवाले म्हणतात तसं. मी रोज खातो, बघा माझ्याकडे!" त्याने टक्कल दाखवलं. "तुम्हाला कशाला थांबवायचंय?"

"नातवंडं परत येतील, तेव्हा सगळं होतं तसंच असायला हवं."

त्याने सुट्या फळांवर फुंकर मारली, पुडी बांधली आणि तो हळूच म्हणाला, "तुम्ही तशाच राहाल, आंटी. पण ती मोठी होणार लाह. बेदाणेसुद्धा खातील."

डब्यात लाल फळं अजून भरलेली असतात. तुम्ही आता बेदाणे खाता का, हे मात्र फोनवर मी कधी विचारत नाही.