फ्रिजला त्रास होतो

मैत्रिणींनो, तंजावुरातल्या ब्राउझिंग सेंटरमधून घाम पुसत लिहितेय.

पाळी थांबल्यापासून अंगातून झळा निघतात, झोप नाही. म्हणून आज डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नीट समजावलं. "गर्भाशय काढलेलं नाही, तेव्हा हार्मोन घ्यायचे तर इस्ट्रोजेनबरोबर गर्भाशयाला जपणारं दुसरं हार्मोनही लागेल. नाहीतर हार्मोन नसलेली गोळी आहे. फायदे-धोके दोन्हींत आहेत. काय ठरवताय, अम्मा?"

उत्तर आमच्या यजमानांनी दिलं. "काही नको. सगळ्या बायका सोसतात."

याच माणसाने फ्रिज निवडायला त्रिचीतली सगळी दुकानं पालथी घातली होती. घरी येऊन मी त्याच फ्रिजचं दार उघडून उभी राहिले, तर म्हणतात, "लाव ते दार, फ्रिजला त्रास होतो."

उद्या मी एकटी जाणार आहे. तुमच्या घरी डॉक्टरांना उत्तर कोण देतं?